स्वरांचीं नांवें आणि मुलांच्या गाण्यांच्या चाली

गाणें म्हणतां येणें आणि गाण्याची चाल कागदावर उतरवितां येणें या दोन भिन्न विद्या आहेत. पहिली आपणांपैकीं बहुतेकांस घरींच मिळते. आजीच्या मांडीवर, पाळण्याजवळ, भोंडल्याच्या फेरांत ती नकळत अंगीं येते. दुसरी मात्र शिकावी लागते, आणि ती शिकण्याची आपणांस फारशी गरज वाटत नाहीं. याचा परिणाम असा झाला आहे कीं, आपल्या घरच्या गाण्यांचे शब्द वह्यांत व पुस्तकांत सांपडतात, पण त्यांच्या चाली सहसा कोठें सांपडत नाहींत. म्हणणारी गेली कीं चाल गेली; मागें उरते ती नुसती कविता. स्वरांना नांवें कशीं मिळालीं, त्या नांवांचा लहान मुलांच्या गाण्यांशीं काय संबंध आहे, आणि त्यांच्या साह्यानें घरची एखादी चाल आपणांस कशी टिपून ठेवितां येईल, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. पालकांनींही तो वाचावा अशी विनंति आहे. कारण ज्या चाली टिपावयाच्या त्या त्यांच्याच कंठांत आहेत.

स्वर लिहितां येत नाहींत, म्हणून ते मनुष्याच्या स्मरणांत राहिले नाहींत तर नाश पावतात, असें सेव्हिल नगरचा विद्वान बिशप इसिदोर यानें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. तो इ. स. ६३६ मध्यें वारला. त्याच्या मागून कित्येक पिढ्या युरोपांतील देवळांत उपासनेचीं गाणीं केवळ मुखपाठानें चालत आलीं. पुढें शब्दांच्या डोक्यावर कांहीं वांकड्यातिकड्या खुणा लिहिण्याची चाल पडली. त्यांवरून आवाज चढवावयाचा कीं उतरावयाचा एवढें कळे, पण किती चढवावयाचा हें कळत नसे. तात्पर्य, जें गाणें आधींच येत असे त्याची आठवण देण्यापुरताच त्या खुणांचा उपयोग होता.

ही अडचण ज्यानें दूर केली तो आरेत्सोचा गीदो हा इटलींतील बेनेडिक्टाइन पंथाचा संन्यासी होता. मुलांना गाणें शिकवितांना त्याच्या असें ध्यानांत आलें कीं, दहा दहा वर्षें घोकूनही गायकांस नवें गाणें आपलें आपण म्हणतां येत नाहीं. त्यानें ओळी आंखून त्यांवर खुणा बसविल्या, एक ओळ तांबडी व एक पिवळी केली, आणि प्रत्येक स्वरास कायमची जागा दिली. परंतु कागदावरची जागा डोळ्यांना दिसली म्हणून ती गळ्याला सांपडते असें नाहीं. गळ्यासाठीं त्यानें निराळीच युक्ति योजिली, आणि ती एका गाण्याची होती.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सणास, म्हणजे २४ जून रोजीं, म्हणावयाचें एक लॅटिन स्तोत्र आहे. त्याच्या पहिल्या कडव्याचे जे तुकडे पडतात, त्यांपैकीं पहिले सहा असे आहेत कीं, प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याहून एक पायरी वरच्या स्वरावर सुरू होतो. त्या सहा तुकड्यांचीं पहिलीं अक्षरें उत्, रे, मी, फा, सोल्, ला अशीं आहेत. मुलास हें कडवें एकदां पक्कें पाठ झालें कीं सहाही स्वर त्याच्या ताब्यांत आले. नव्या गाण्यांत चवथ्या स्वराची खूण दिसली, तर त्यानें मनांत चवथा तुकडा आठवावा व त्याचा पहिला स्वर उचलावा. या रीतीनें शिकविलेलीं कांहीं मुलें तीन दिवसांच्या आंत पूर्वीं कधीं न ऐकलेलीं गाणीं म्हणूं लागलीं, असें गीदोनें आपला मित्र मायकेल यास लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. सहबंधूंच्या मत्सरामुळें त्याला आपला पोंपोसाचा मठ सोडावा लागला होता. तथापि त्याची कीर्ति रोमपर्यंत गेली, आणि पोप एकोणिसावे जॉन (कारकीर्द १०२४ ते १०३२) यांनीं त्याला बोलावून घेऊन त्याच्या पुस्तकावरून पूर्वीं न ऐकलेली एक ओळ स्वतः म्हणून पाहिली.

म्हणजे पाहा, पाश्चात्य स्वरांचीं नांवें कोणा पंडितानें कोशांतून काढलेलीं नाहींत. मुलांना पाठ असलेल्या एका गाण्यांतून तीं निघालीं आहेत. पुढें 'उत्' हें अक्षर गातांना अडतें म्हणून इटलींत त्याच्या जागीं 'दो' आलें. सातव्या स्वरास गीदोनें नांव दिलेलें नव्हतें; त्याला मागाहून 'सी' हें नांव मिळालें, व तें संत योहान या लॅटिन नांवाच्या आद्याक्षरांवरून घेतलें असें मानतात. जर्मन लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. ते स्वरांना अक्षरांनीं ओळखतात, आणि इंग्रज ज्याला 'बी' म्हणतात त्याला ते 'एच' म्हणतात. 'बी' हें अक्षर ते त्याच्या कोमल रूपासाठीं वापरतात. यामुळें बाख या प्रसिद्ध संगीतकाराच्या आडनांवांतील चारही अक्षरें स्वरांचीं नांवें ठरतात, आणि त्यानें त्या चार स्वरांची चाल आपल्या रचनेंत गुंफून जणूं काय सही केली आहे.

आतां आपल्याकडे वळूं. षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद हीं नांवें गीदोच्या कितीतरी शतकें आधीं भरताच्या नाट्यशास्त्रांत आलेलीं आहेत. सा, रे, ग, म, प, ध, नी हीं त्यांचीं संक्षिप्त रूपें. तमिळनाडूंतील कुडुमियान्मलै येथें खडकावर कोरलेल्या पल्लवकालीन लिपींतील लेखांत हीं अक्षरें गाण्याचे पाठ म्हणून ओळींनीं मांडलेलीं आढळतात. दोन्ही पद्धतींत 'रे' सारखाच पाहून एकीनें दुसरीपासून घेतलें असा तर्क कोणी करतात, पण तो टिकत नाहीं. आपला 'रे' ऋषभाचा आहे, त्यांचा एका लॅटिन क्रियापदाचा. दक्षिणेंत तर आपला 'रे' आजही 'रि' आहे.

या नांवांपैकीं दोन अगदीं सरळ आहेत. 'पंचम' म्हणजे पांचवा. 'मध्यम' म्हणजे मधला. त्याच्या खालीं तीन स्वर व वर तीन. षड्जाविषयीं दोन मतें आहेत. सहा स्वरांना जन्म देणारा तो षड्ज असें कोणी म्हणतात. नाक, कंठ, ऊर, टाळू, जीभ व दांत या सहा स्थानांपासून जन्मलेला तो षड्ज असें नारदी शिक्षेंत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत मोर षड्जांत बोलतो, क्रौंच मध्यमांत, कोकिळ पंचमांत, घोडा धैवतांत व हत्ती निषादांत असेंही म्हटलें आहे. हें शब्दशः घेऊं नये. मोराचा केकारव ऐकून त्यावर षड्ज लावावयाचा म्हटला, तर गायनाच्या तासाला वर्गांत कोणी थांबणार नाहीं! गीदोनें स्वर लक्षांत राहावे म्हणून गाणें घेतलें, आमच्या पूर्वजांनीं पशुपक्षी घेतले. हेतु एकच होता.

दोन पद्धतींत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. इंग्रजी अक्षरांनीं दाखविलेला स्वर हा ठराविक उंचीचा असतो. १९३९ सालीं लंडन येथें भरलेल्या परिषदेनें 'ए' या स्वराचीं सेकंदास ४४० कंपनें ठरविलीं. आपला षड्ज तसा नाहीं. गाणारा ज्या पट्टींत सा धरील ती सा, आणि बाकीचे सहा तिच्या नात्यानें. म्हणूनच बाजाच्या पेटीवाला गवयाला आधीं "काळी एक कीं पांढरी चार?" असें विचारतो. इंग्रजी अक्षरें हीं घरांच्या क्रमांकासारखीं. सा, रे, ग हीं आजी, काका, आत्या यांसारखीं आहेत. एका घरची आत्या दुसऱ्या घरची आई असते, तसा एका गायकाचा पंचम दुसऱ्याचा षड्ज होतो.

मुलांना शिकवावयास हीच नात्याची पद्धत अधिक सोपी, असें इंग्लंडांतही दोघांच्या ध्यानांत आलें. नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनें १८३५ मध्यें आपल्या पद्धतीचें पुस्तक छापलें. दो म्हणजे कोणतीही पट्टी, असें तिनें ठरविलें, आणि 'सी' व 'सोल्' या दोहोंचें आद्याक्षर एकच येतें म्हणून 'सी'चें 'टी' केलें. १८४१ सालीं हल येथें रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची सभा भरली. तींत जॉन करवेन या तरुण धर्मोपदेशकावर मुलांना गाणें शिकविण्याची सर्वांत सोपी रीत शोधण्याचें काम सोंपविण्यांत आलें. करवेन हा गवई नव्हता. त्याला स्वतःला सुरावरून वाचणें जड जाई. मला वाटतें, म्हणूनच त्याला शिकणाऱ्याचें दुःख कळलें. त्यानें ग्लोव्हरबाईंची पद्धत घेऊन वाढविली, आणि पुढें प्रत्येक स्वरास हाताची एक खूण दिली: षड्जास बंद मूठ, गांधारास आडवा तळहात, निषादास वर रोखलेलें बोट.

ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली, कारण तिला पांच ओळींचा आंखीव कागद लागत नाहीं. साध्या छापखान्यांतील अक्षरें पुरतात. जोहान्सबर्गजवळील एका मिशन शाळेंत एनॉक सोन्टोंगा नांवाचे शिक्षक होते. त्यांनीं १८९७ सालीं मुलांना गाण्यासाठीं एक प्रार्थना रचिली, व तिची चाल या अक्षरांतच लिहिली. तेंच गीत १९९७ पासून दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा पूर्वभाग आहे. चाल लिहिलेली होती म्हणून ती एका शाळेंतून निघून शंभर वर्षांनीं साऱ्या राष्ट्राच्या मुखीं गेली. आपल्या देशांतही मिझोरामांतील मंडळ्यांचीं स्तोत्रपुस्तकें याच अक्षरांत छापलेलीं असतात.

आतां मुलांच्या चालींकडे पाहूं. शिशुवर्गांतील प्रत्येक बालकास येणारें ताऱ्याचें इंग्रजी गाणें घ्या. त्याचे शब्द जेन टेलर हिचे असून ते १८०६ सालीं प्रसिद्ध झाले; पण चाल त्याहून जुनी व फ्रेंच आहे. ती १७६१ सालीं फ्रान्समध्यें छापली गेली होती. मोझार्टनें तिच्यावर बारा रूपांतरें रचून १७८५ मध्यें छापलीं, म्हणून ती त्याचीच असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. इंग्रजी मुळाक्षरें पाठ करण्याचें गाणें याच चालीवर म्हणतात. आतां ही चाल पेटीवर काढा. ती षड्जावरून एकदम पंचमावर उडी मारते, धैवताला शिवून पंचमावर परत येते, आणि मग मध्यमापासून एकेक पायरी उतरत, प्रत्येक पायरीवर दोनदां पाऊल ठेवीत, षड्जावर येते. मधल्या भागांत पंचमापासून ऋषभापर्यंत ती दोनदां उतरते, आणि शेवटीं पहिलाच भाग पुन्हा येतो. निषाद तींत एकदांही लागत नाहीं. म्हणजे सारी चाल षड्ज ते धैवत या सहा स्वरांत, गीदोच्या सहा स्वरांत, बसलेली आहे. कोंकराचें इंग्रजी गाणें तर याहूनही काटकसरीचें. तें सा, रे, ग व प या चारच स्वरांत भागतें.

ही काटकसर योगायोगाची नाहीं. लहान मुलाचा गळा सहाएक स्वरांत मोकळेपणानें फिरतो. त्यापलीकडे तो ओरडूं लागतो. शिवाय अर्ध्या स्वराचें अंतर मुलास नेमकें लागत नाहीं. पेटीवर पांढरी एक ही सा धरून पाहिलें, तर ग-म व नी-सा या जोड्यांमध्यें काळी पट्टी नाहीं. तेथें अंतर अर्धेंच आहे. मध्यम व निषाद वगळले कीं ही अडचण संपते, आणि सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे पांच स्वर राहतात. निरनिराळ्या देशांतील मुलांच्या व लोकांच्या चाली पुष्कळदां याच पांच स्वरांत सांपडतात.

त्यांतही एक जोडी मुलांना विशेष प्रिय आहे. संध्याकाळीं खेळणाऱ्या मुलाला आई दारांतून लांबून हांक मारते, तेव्हां नांवाचें पहिलें अक्षर वर व दुसरें जरा खालीं येतें. तें अंतर बहुधा पंचमापासून गांधाराचें असतें. मुलें एकमेकांस चिडवितात तेंही याच दोन स्वरांवर. हंगेरींतील संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२ ते १९६७) याच्या परंपरेंतील शिक्षक मुलांना आधीं हेच दोन स्वर, मग धैवत, असा क्रम देतात. सा, रे, ग असा शास्त्राचा क्रम मुलांपुढें लगेच ठेवीत नाहींत. करवेनच्या हातखुणाही त्यांनीं घेतल्या आहेत.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनीं हें अंतर मोजून पाहावें. फळीवर ३६ इंच लांबीची तार ताणा व छेडा, तो षड्ज. बरोबर मध्यावर, १८ इंचांवर, दाबली कीं वरचा षड्ज लागतो. २४ इंचांवर पंचम. २७ इंचांवर मध्यम. सतराव्या शतकांत अहोबल पंडितानें संगीत पारिजात या ग्रंथांत तारेच्या अशाच वांटण्या करून स्वर सांगितले आहेत. षड्ज व पंचम यांच्या मध्यावर, म्हणजे ३० इंचांवर, त्यानें आपला शुद्ध गांधार ठेविला. आज त्याला आपण कोमल गांधार म्हणतों. ३६ व ३० यांचें प्रमाण सहास पांच. आतां आजचा शुद्ध गांधार २८.८ इंचांवर येतो. त्याचें २४ इंचांवरील पंचमाशीं प्रमाणही सहास पांचच. आईची हांक ही अशी सहास पांच या प्रमाणांत असते.

आपल्या मराठी घरांत किती चाली आहेत याची कधीं मोजदाद केली आहे काय? वर्गांत एका सुरांत म्हटले जाणारे पाढे ही सुद्धां चालच आहे. चालीवांचून तेवीसचा पाढा कितीजणांना येईल? पावसाला पैशाचें आमिष दाखविणारें गाणें, चांदोबाला विचारावयाचे प्रश्न, भोंडल्याच्या फेराचीं गाणीं, पाळणे, जात्यावरच्या ओव्या, या सर्वांच्या चाली कामानें किंवा खेळानें घडविलेल्या आहेत. पाळण्याचा झोका जातो व येतो, म्हणून तेथें दोन आघात. भोंडल्यांत पावलें पडतात, तीच ताल धरतात. जातें थांबतें तेथें ओवी श्वास घेते. आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांसंबंधीं हाच अनुभव आहे. इंग्रजी चालींत कोंबलेल्या मराठी शब्दांतील ऱ्हस्व अक्षरें विनाकारण ताणलीं जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) यांनीं अभंगाचें व भजनाचें वळण घेतलें तेव्हां तेच भाव खेड्यांतील मंडळ्यांच्या ओठीं बसले.

साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' या पुस्तकांत शेंकडों ओव्या गोळा केल्या. तो मोठा ठेवा आहे. पण त्यांत शब्द आहेत, चाली नाहींत. पुढें हेमा राईरकर व गी पॉइतवें यांनीं गांवोगांवच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, व त्यांपैकीं कित्येकींचे आवाज ध्वनिफितींवर उतरून घेण्यांत आले. तोंपर्यंत किती चाली गेल्या असतील याचा हिशेब कोण देणार? जयदेवाच्या गीतगोविंदांत प्रत्येक गीतावर रागाचें व तालाचें नांव आहे, तरी मूळ चाल आज कोणासही ठाऊक नाहीं. शास्त्रोक्त संगीताचीही तीच गत झाली असती. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनीं वकिली सोडून घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या व सोप्या लिपींत छापल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढून आपली निराळी लिपि चालविली. त्याही पूर्वीं, १८८६ मध्यें, बडोद्यास मौलाबक्ष यांनीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें गायनशाळा काढिली होती. चिजांना असे वाली मिळाले. पाळण्यांना अद्याप मिळावयाचे आहेत.

कोणी म्हणेल, हल्लीं खिशांतल्या टेलिफोनवर आवाज उतरून घेतां येतो, मग हा खटाटोप कशाला? आवाज अवश्य उतरून घ्यावा. पण उतरलेला आवाज ऐकतांना षड्ज कोणता हें यंत्र सांगत नाहीं. तें कानानेंच शोधावें लागतें, आणि तें शोधतांना चाल खरोखर आपली होते.

भातखंडे यांच्या लिपींत फार थोड्या खुणा आहेत. कोमल स्वराच्या खालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकास खालीं टिंब व वरच्यास वर टिंब. स्वर लांबला तर त्यापुढें लहान आडवी रेघ. शब्दांतील अक्षर लांबलें तर अवग्रह. आईची हांक आपण अशी लिहूं:

प – ग – । रे रे सा –
बा ऽ ळू ऽ । घ रीं ये ऽ

येथें चार चार मात्रांचे दोन भाग आहेत, आणि हांक षड्जावर येऊन विसावते. षड्ज शोधण्याची साधी रीत हीच: गाणें जेथें संपल्यासारखें वाटतें, बहुधा तेथें सा असतो. तो पेटीवर सांपडला कीं बाकीचे स्वर मोजून काढतां येतात. मुलांबरोबर गावयाचें असेल तर पट्टी मुलांच्या गळ्याची धरावी, गुरुजींच्या नव्हे; पांढरी दोन ते पांढरी चार यांमधील सा लहान मुलांना सोयीचा पडतो, असा आमचा अनुभव आहे. संमेलनांत दोन दोन सप्तकांचीं सिनेमाचीं गाणीं सहा वर्षांच्या मुलांकडून म्हणवून घेतात, तें पाहून वाईट वाटतें.

येत्या सुटींत प्रत्येकानें घरची एक चाल लिहून आणावी. पाळणा चालेल, ओवी चालेल, मासे धुतांना किंवा भात कांडतांना म्हणावयाचें गाणें असल्यास फारच उत्तम. वर म्हणणारीचें गांव, तिला तें कोणाकडून आलें, आणि म्हणतांना हातांत कोणतें काम असे, हें लिहावें. म्हणत असतां मध्यें थांबवून स्वर विचारूं नये. आजी थांबली कीं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील, आणि दुसऱ्या खेपेस चाल जराशी निराळी येईल. तशी आली तर पहिली खोडूं नये. दोन्ही एकाखालीं एक लिहाव्या.